पन्हं आहे तोवर तेराशे छत्तीस

इसवी सन तेराशे छत्तीस हे साल तसं वाईट नव्हतं. वाईट होती ती समिती, असं सुप्रभाताई गद्रे आजही सांगतात, आणि सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप खडू धरल्यासारखा होतो. चौतीस वर्षं इंग्रजांच्या पोरांना गणित शिकवलेल्या बाईचा हात आहे तो. समोर चुकीचं उत्तर दिसलं की त्याला स्वस्थ बसवत नाही.

प्रकरण सुरू झालं लायब्ररीच्या दारावर चिकटवलेल्या एका पिवळ्या कागदावरून. लंडनच्या कडेला असलेल्या पिनरमध्ये 'फ्रेंड्स ऑफ द पॅरिश पंप' नावाची एक संस्था आहे. असा पाण्याचा पंप गावात कधी होता की नव्हता यावरून सभासदांत दोन तट आहेत, पण मैत्री पक्की आहे. तर या मित्रांनी जाहीर केलं होतं की तेराशे छत्तीस साली राजा तिसरा एडवर्ड याने पिनरला जत्रा भरवण्याची सनद दिली, ती जत्रा आजही हाय स्ट्रीटवर भरते, म्हणून यंदा जत्रेआधी तीन दिवस गावच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं. नाव, 'आमचं तेराशे छत्तीस'. खाली लिहिलं होतं, त्या साली काय घडलं, कोण कोण होतं, ते सर्व रहिवाशांनी आमच्याकडे घेऊन यावं.

सुप्रभाताईंनी 'सर्व रहिवाशांनी' हे शब्द दोनदा वाचले. एकेचाळीस वर्षं त्या पिनरमध्ये राहत होत्या. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायचा हे अर्धी गल्ली त्यांच्या दारात बघून ठरवायची. आता एवढं झाल्यावर 'सर्व'मध्ये आपण नाही तर कोण? घरी येऊन त्यांनी चपला काढायच्या आधीच जाहीर केलं, "अहो, तेराशे छत्तीसला विजयनगरची स्थापना झाली. मी बोर्ड करणार."

हरीशराव रेल्वेच्या सिग्नलमधून निवृत्त झालेले. लाल दिवा आधी बघायचा ही त्यांची सवय. ते म्हणाले, "अगं, ती तारीख वादग्रस्त आहे. आणि नसती उठाठेव कशाला? आपण जाऊन बघून येऊ, छान म्हणू, चहा पिऊ."

"वादग्रस्त आहे ना? मग वादासकट लावू," सुप्रभाताई म्हणाल्या.

कामाला त्या अशा लागल्या की आठ दिवस घरात साधी खिचडी शिजली. तेराशे छत्तीसमध्ये जगात कोण काय करत होतं त्याची वहीच तयार झाली. दक्षिणेत हरिहर आणि बुक्क हे भाऊ. मध्य आशियात तैमूर जन्माला येऊन टाहो फोडतोय. जपानात लढाई. इटलीतला एक कवी काही काम नसताना डोंगर चढून आला, आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. आणि आपल्या देवगिरीत? तिथे तर काय बहारच. नऊ वर्षांपूर्वी तुघलकाने दिल्लीची माणसं उचलून तिथे नेली, गावाचं नाव दौलताबाद ठेवलं, आणि आता म्हणत होता, ज्यांना जायचं त्यांनी परत जा. हे पान लिहून झाल्यावर सुप्रभाताईंनी वही मिटली. मग उठून त्यांनी कपडे वाळत घातले.

फॉर्म भरायचं काम हरीशरावांकडे आलं, कारण त्यांचं अक्षर सुवाच्य. इथेच घात झाला. वहीत सुप्रभाताईंनी शिस्तीत 'शके १२५८, धाता संवत्सर, वैशाख शुद्ध सप्तमी' असं लिहून ठेवलं होतं. पंचांग न बघता तारीख टाकणं त्यांना मोजे न घालता बूट घातल्यासारखं वाटतं. हरीशरावांनी 'घटनेचे वर्ष' या चौकोनात सुवाच्य अक्षरात १२५८ लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. आपल्या सहभागाबद्दल आम्ही आनंदित आहोत, तथापि समितीपुढे सध्या फक्त १३३६ हे साल आहे. १२५८चा भविष्यात विचार झाल्यास आपणास कळवू.

"शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे असतात, हे सिग्नलवाल्यांना शिकवत नाहीत का?" सुप्रभाताईंनी विचारलं. हरीशराव चष्मा पुसत बसले.

शेवटी त्या स्वतःच समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष होत्या जेराल्डिनबाई, चार घरं सोडून राहणाऱ्या, सत्तरीच्या, ताठ, हातात कायम क्लिपबोर्ड. बाई मनाने वाईट नाहीत. त्यांनी अठ्ठ्याहत्तरचं गणित पूर्ण ऐकून घेतलं आणि सहानुभूतीने विचारलं, म्हणजे तुमचे लोक अजूनही अठ्ठ्याहत्तर वर्षं मागे आहेत का? सुप्रभाताईंनी तो घोट गिळला. मग जेराल्डिनबाई म्हणाल्या की विषय फारच रंजक आहे, पण प्रदर्शन पिनरबद्दल आहे, भिंतीवर जागा नाही, आणि तेराशे छत्तीसमध्ये, कसं सांगू, तुम्ही इथे नव्हतात ना.

"तुम्हीही नव्हतात," सुप्रभाताई म्हणाल्या.

यावर जेराल्डिनबाई हसल्या. आपण विनोद ऐकला अशी त्यांची समजूत झाली. आणि हसता हसता त्यांनी ते वाक्य टाकलं, ज्यामुळे पुढचं सगळं रामायण घडलं. "पण फूड कॉर्नर आहे! तुम्ही तुमचे सुंदर समोसे आणाल का?"

आता हे नीट समजून घेतलं पाहिजे. सुप्रभाताईंनी जन्मात कधी समोसा केलेला नाही. समोसा हा गद्र्यांच्या घरी दुकानातून आणायचा पदार्थ आहे. तरी एकेचाळीस वर्षांत शाळेचा निरोप समारंभ असो, राणीची ज्युबिली असो की गल्लीतल्या झाडाचा वाढदिवस असो, दर वेळी कोणीतरी त्यांच्या दंडाला हात लावून समोसेच मागितले होते. दर वेळी त्यांनी हॅरोहून विकत आणून दिले, आणि लोकांनी 'तुमच्या हाताला काय चव आहे' म्हणून कौतुक केलं. आज मात्र त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. आम्ही खायला घालायला चालतो, आणि भिंतीवर चालत नाही? घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. शेंडी तुटो की पारंबी तुटो, बोर्ड हॉलमध्ये लागणार.

बातमी पसरताच उंटावरचे शहाणे जमा झाले. समोरच्या फ्लॅटमध्ये पुण्याचा अंशुमन राहतो, वर्क व्हिसावर आलेला, सॉफ्टवेअरमधला. तो म्हणाला, "काकू, लीगली स्ट्राँग करा ना केस. इक्वॅलिटीचा पॉइंट टाका, कौन्सिलला एक कडक ईमेल. फक्त माझं नाव सीसीमध्ये नको, इथं कायम राहायचं माझं आयएलआर अजून व्हायचंय." महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी अर्चना स्कूटरच्या वेगाने बोलते. तिचा मुद्दा वेगळा होता. "सुप्रभाताई, सगळं ओके, पण विजयनगर इज बेसिकली कर्नाटक. महाराजांचं काय? महाराज हवेत. मेंबर्स विचारतील मला."

"अर्चना, महाराजांना जन्माला यायला अजून दोनशे चौऱ्याण्णव वर्षं होती."

"हो, पण महाराजांशिवाय कसं वाटतं ते!"

या वाक्याला गणितात उत्तर नाही. सुप्रभाताईंनी विषय बदलला, आणि ती त्यांची चूक झाली. कारण बोर्ड छापायला अर्चनाच्या ओळखीच्या माणसाकडे दिला होता, आणि तिने परस्पर 'एक छोटासा चेंज' सांगून टाकला. चार फूट उंच बोर्ड घरी आला तेव्हा वर ठळक '१३३६' आणि खाली, अर्ध्या बोर्डावर, घोड्यावर बसलेले साक्षात महाराज. हरिहर आणि बुक्क कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे.

हा बोर्ड लावता येईना, हे उघड होतं. पण टाकताही येईना, ही खरी पंचाईत. महाराजांचं चित्र रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात कोण टाकेल? माळ्यावर ठेवू म्हणाल्यावर हरीशराव म्हणाले, "माळ्यावर? महाराजांना?" शेवटी तो दिवाणखान्यात टीव्हीशेजारी उभा राहिला, आणि तेव्हापासून हरीशराव क्रिकेट बघताना पाय टीपॉयवर ठेवत नाहीत. दुसरा बोर्ड सुप्रभाताईंनी स्वतः प्रिंटरच्या डोक्याशी उभं राहून छापून घेतला.

बोर्ड झाला, पण जागा? जागा होती फक्त फूड कॉर्नरमध्ये. म्हणून सुप्रभाताईंनी जेराल्डिनबाईंना कळवलं, की मी पदार्थ आणते, पण तेराशे छत्तीसला साजेसा. बटाटा तेव्हा ना पिनरमध्ये होता ना पुण्यात, सबब समोसा रद्द. टोमॅटो नाही, मिरची नाही. हे वाचून समितीत खळबळ उडाली म्हणतात, कारण बाकी फूड कॉर्नर म्हणजे जॅकेट पोटॅटो आणि टोमॅटो सूप असा होता.

उत्तरादाखल समितीने नियमांची सात पानं पाठवली. प्रत्येक स्वयंपाक्याने अन्नस्वच्छतेची ऑनलाइन परीक्षा द्यावी. सुप्रभाताईंनी दिली, शंभरपैकी शंभर मिळवले, आणि अकराव्या प्रश्नातली आकडेमोड चुकल्याचं परीक्षकांना पत्र लिहिलं. मग ॲलर्जीचा तक्ता आला. आंबेडाळ करायची होती, तर कळलं की फोडणीतल्या मोहरीचं नाव यादीत ठळक आहे आणि हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ असतं. एकेचाळीस वर्षं आपण लोकांना बिनदिक्कत फोडण्या घालत आलो, हे वाचून हरीशराव हादरले. आंबेडाळ बाद झाली.

उरलं पन्हं. नुकतंच चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं होतं, हात बसलेला होता. कैरी, गूळ, वेलची, केशर, मीठ. एकही जिन्नस तेराशे छत्तीसनंतरचा नाही आणि एकही जिन्नस तक्त्यात नाही. आणि नियमांचं सहावं पान उलटताना सुप्रभाताईंना तो नियम दिसला, खाली जेराल्डिनबाईंची सही असलेला. प्रत्येक पदार्थासमोर माहितीचं लेबल लावणं सक्तीचं आहे. पदार्थ वाढला जात असेपर्यंत कोणीही, कोणत्याही कारणाने, लेबल काढू, झाकू अथवा हलवू नये. लेबलाचा किमान आकार दिला होता, हाताच्या तळव्याएवढा. कमाल आकाराच्या पुढे काहीच नव्हतं.

सुप्रभाताईंनी ते पान हरीशरावांपुढे ठेवलं. हरीशरावांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि लग्नानंतर प्रथमच आपणहून म्हणाले, "हिरवा आहे."

पहिल्या दिवशी सकाळी हॉलमध्ये सूपच्या पातेल्याशेजारी पन्ह्याचा जग, आणि जगामागे चार फुटी लेबल. वर मोठ्या अक्षरांत 'पन्हं: कैरीचं सरबत'. खाली जिन्नस. त्याखाली 'हे पेय पिणारी माणसं तेराशे छत्तीस साली काय करत होती' अशा मथळ्याने विजयनगर, देवगिरी, आणि मग ओघाने तैमूर, जपान, डोंगर चढणारा कवी. अगदी तळाशी, 'ॲलर्जी: कशाचीही नाही.'

जेराल्डिनबाई क्लिपबोर्डासह आल्या आणि थबकल्या. "हे प्रदर्शन झालं, सुप्रभा."

"हे लेबल आहे."

"प्रदर्शन पिनरबद्दल आहे, हे मी सांगितलं होतं."

"पिनरबद्दलच आहे," सुप्रभाताई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज वर्गातला झाला. सूपच्या रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. "राजाने सनद कशाची दिली? जत्रेची. जत्रा म्हणजे काय? बाहेरचे लोक आपला माल घेऊन गावात येतात ती. पिनरच्या लोकांना एकमेकांना कोबी विकायला राजाची सही कशाला लागली असती? ती सनद माझ्यासारख्यांसाठी दिलेली आहे, जेराल्डिन. मी एकेचाळीस वर्षं त्या सनदेवर इथे राहतेय. आता काढायचं असेल हे लेबल, तर सहाव्या पानावरची तुमची सही आधी खोडा."

जेराल्डिनबाईंनी सहावं पान काढलं. इंग्रज माणूस स्वतःच्या सहीपुढे नमतो, हे मान्य केलं पाहिजे. दोन मिनिटं वाचून त्या म्हणाल्या, "पदार्थ वाढला जात असेपर्यंत." आणि क्लिपबोर्डावर काहीतरी टिपून निघून गेल्या.

त्या चार शब्दांचा अर्थ सुप्रभाताईंना अकराच्या सुमारास कळला. बाहेर तिथल्या मे महिन्याला न शोभणारं ऊन पडलं होतं, सूपला कोणी विचारेना, आणि पन्हं लोकांना आवडलं. हीच अडचण झाली. माणसं दुसरा ग्लास मागत, पोरांना बोलावून आणत. जगाचा तळ दिसायला लागला. पन्हं संपलं की लेबल उतरणार, आणि लेबल उतरलं की विजयनगर, देवगिरी आणि आपली एकेचाळीस वर्षं पुन्हा मोटारीच्या डिकीत.

हरीशरावांना हॅरोला पिटाळलं. तिथल्या कैऱ्या पहिल्या दिवशी संपल्या. दुसऱ्या दिवशी वेम्बलीच्या. अंशुमन 'वर्क फ्रॉम होम' लावून साउथॉलला गेला आणि ट्रेनमध्ये मांडीवर पेटी घेऊन परत आला. "काकू, हिथ्रोला लाइनअप लावू का, डायरेक्ट कार्गो?" असं तो विचारत होता, आणि थट्टा करतोय असं वाटत नव्हतं. अर्चनाने महाराजांच्या प्रकरणाची भरपाई म्हणून रात्रंदिवस कैऱ्या उकडल्या. मध्येच तिने सुचवलं, "हिरवी सफरचंदं घालूया का? टेस्ट सेमच लागेल, कुणाला कळतंय!" सुप्रभाताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा कुकरकडे वळली. लेबलावर कैरी लिहिलं की कैरीच. खोट्या लेबलाखाली खरा इतिहास कसा उभा राहील?

तिसऱ्या दिवशी चार वाजता जगात सात ग्लास उरले. कैरी पश्चिम लंडनात कुठेही नव्हती. प्रदर्शन पाचला संपायचं होतं. सुप्रभाताई ग्लास लहान घेत होत्या, हळू ओतत होत्या, प्रत्येकाला हवामानाबद्दल विचारत होत्या.

तेवढ्यात जेराल्डिनबाई आल्या. क्लिपबोर्ड खाली ठेवला, खुर्ची ओढली, लेबलासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "एक ग्लास." तो संपवला आणि दुसरा मागितला. तिसऱ्याला सुप्रभाताईंच्या लक्षात आलं. बाई आपलं सगळं साल पिऊन टाकणार होत्या.

आता काय करायचं? नाही म्हणायचं? दारात आलेल्या बाईला पन्ह्याला नाही म्हणणं गद्र्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. आणि याहून वाईट म्हणजे, सुप्रभाताईंचं तोंड सवयीने आपोआप उघडलं, "अजून घ्या ना. घ्या हो, थोडंच आहे, संपवून टाका." हरीशरावांनी मागे कपाळावर हात मारला. पण मान ताठ ठेवून सुप्रभाताईंनी चौथा ओतला, पाचवा ओतला. वाढायचं तर हात आखडून नाही. समोरची पिऊन हरवत असेल तर आपण वाढून हरू, पण लेबलाला स्वतः हात लावणार नाही.

खुर्ची लेबलासमोर असल्यामुळे जेराल्डिनबाईंना पिता पिता वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिल्या दोन ग्लासांत विजयनगर झालं. तिसऱ्यापासून त्या देवगिरीवर अडकल्या होत्या. पाचवा झाल्यावर त्यांनी विचारलं, "ही दिल्लीची माणसं. राजाने परत जा म्हटल्यावर गेली?"

"काही गेली. काही राहिली."

"राहिली त्यांचं काय झालं?"

"त्यांचं तेच गाव झालं. मुलंबाळं झाली, थडगी झाली. पण त्यांना पुढे किती वर्षं लोक विचारत असतील, तुम्ही मूळचे कुठले, ते काही कुठे लिहिलेलं नाही." सुप्रभाताईंना हे एवढं बोलायचं नव्हतं. बोलून गेल्या म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्या रागात त्यांनी शेवटचा जग उलटा केला. दीड ग्लास निघालं. जेराल्डिनबाईंनी एक पूर्ण प्यायलं. अर्ध्या ग्लासाकडे त्या बघत राहिल्या. पाचाला दहा मिनिटं कमी होती.

पाचाच्या ठोक्याला हॉलचा केअरटेकर ट्रेव्हर किल्ल्या वाजवत, शिडी घेऊन आला. भिंतीवरच्या सनदा, नकाशे, एडवर्ड राजा, सगळे भराभर उतरले. मग तो फूड कॉर्नरकडे वळला आणि चार फुटी लेबलाला त्याने हात घातला. सुप्रभाताई मध्ये उभ्या राहिल्या. हरणार हे त्यांना कळत होतं, तरी उभ्या राहिल्या.

"त्याला हात लावू नकोस, ट्रेव्हर," मागून जेराल्डिनबाई म्हणाल्या. त्यांनी एक बशी शोधून त्या अर्ध्या ग्लासावर पालथी घातली होती आणि सहावं पान त्याच्या शेजारी ठेवलं होतं. "पदार्थ अजून शिल्लक आहे."